औषधाच्या खोक्यावरचे ठिपके आणि युरोपातल्या अंधांची संघटना, कोणाला माहितीये का?

मेडिकलवाला_कर्वेनगर:

नमस्कार मंडळी. माझं कर्वेनगरला मेडिकल आहे, बारा वर्षं झाली. प्रश्न शेवटी आहे, आधी किस्सा सांगतो, नाहीतर प्रश्न कुठून आला ते कळणार नाही.

आमच्याकडे एक काका येतात, जन्मापासून अंध, बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर. दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी दहाच्या आत येणार, पांढरी काठी काउंटरला टेकवून ठेवणार आणि यादी तोंडपाठ म्हणून दाखवणार. गेल्या आठवड्यात ते उभे होते तेवढ्यात शेजारच्या सोसायटीतल्या एक वहिनी आल्या, त्यांचे सासरे जर्मनीला मुलाकडे जाऊन आले, तिथून ॲसिडिटीच्या गोळ्यांचं रिकामं खोकं घेऊन आले आणि म्हणे हेच द्या. मी खोकं बघून काउंटरवर ठेवलं आणि आत गेलो. बाहेर येतो तर काका ते खोकं हातात घेऊन बोट फिरवतायत. म्हणाले, "पॅन्टोप्राझोल. चाळीस." मला वाटलं वहिनी बोलल्या ते ऐकलं असेल, पण वहिनी तर फोनवर होत्या. मग काकांनी माझं बोट धरलं आणि खोक्यावर ठेवलं, तर बारीक बारीक ठिपके, छपाईच्या वरच उठवलेले, मी इतक्या वेळा असली खोकी हाताळली असतील पण कधी लक्षच गेलं नव्हतं. काकांनी विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत का?" मी म्हटलं नाही हो, कंपनीनेच छापलंय. ते काही वेळ गप्पच राहिले, मग वहिनींना म्हणाले हे खोकं मला देता का. दिलं त्यांनी.

आता खरं सांगतो, मला हे का लागलं. चार महिन्यांपूर्वी माझ्या दुकानातल्या पोराने काकांना बीपीच्या गोळीचा दुसरा ब्रँड दिला, कंटेंट तोच, म्हणजे चूक काहीच नाही, पण स्ट्रिप वेगळी. काका स्ट्रिप हाताने ओळखतात, लांबट खळगे म्हणजे बीपी, गोल खळगे म्हणजे शुगर. नव्या ब्रँडचे खळगे पण गोल. दोन दिवस शुगरची गोळी डबल गेली आणि बीपीची गेलीच नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाम फुटून बसले घरात, नशीब सून घरी होती, तिने साखर दिली. काका मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या वेळेपासून रबर बँड आणायला सुरुवात केली, एक रबर म्हणजे बीपी, दोन रबर म्हणजे शुगर, माझ्यासमोर लावून घेतात.

तर प्रश्न. नेटवर शोधलं तर कळलं की युरोपात औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव छापणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि त्यामागे युरोपियन ब्लाइंड युनियन म्हणून एक संघटना होती, १९८४ ला नॉर्वेमध्ये स्थापन झालेली. ही संघटना नक्की काय आहे, कोणी काढली, १९८४ लाच का, आणि आपल्या आशियाची अशी काही आहे का? आणि असेल तर आपल्याकडे हे का नाही? जाणकारांनी सांगावं.

सहा_ठिपके:

मी स्वतः अंध आहे, बँकेत नोकरी करते, एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकत ऐकत टाइप करतेय त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर पुणेकरांनी लगेच लाल पेन काढू नये.

दादा, आधी तुमचं कौतुक, रबर बँडवाली गोष्ट सांगितलीत. आम्ही सगळेच असली गणितं करतो, माझ्याकडे शाम्पूच्या बाटलीला रबर आणि कंडिशनरला नाही.

आता संघटनेचं. हे समजायला एक फरक समजून घ्यावा लागेल, "अंधांसाठीची" संस्था आणि "अंधांची" संस्था. ऐकायला एकच वाटतं पण आमच्या लोकांची अख्खी भांडणं याच एका प्रत्ययावर झालीयत. अंधांसाठीची म्हणजे शाळा, वसतिगृह, खुर्च्या विणायचं केंद्र, देणगीदार, ट्रस्टी, आणि ट्रस्टी सगळे डोळस. त्यांनी काम केलं नाही असं अजिबात नाही, आपल्या कोरेगाव पार्कची अंधशाळा १९३४ ची आहे, ती नसती तर पुण्यातल्या किती जणांना ब्रेल शिकायला मिळालं असतं सांगा. पण निर्णय कोण घेणार हा प्रश्न राहतोच. अंधांची संस्था म्हणजे मत देणारे आणि खुर्चीवर बसणारे आम्हीच.

जगाच्या पातळीवर पण हेच दोन तट होते. १९५१ ला पॅरिसमध्ये वर्ल्ड कौन्सिल फॉर द वेल्फेअर ऑफ द ब्लाइंड स्थापन झाली, नावातच वेल्फेअर, कल्याण. त्यात जास्त करून सेवा देणाऱ्या संस्था. मग १९६४ ला न्यूयॉर्कमध्ये दुसरी निघाली, इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड, ती फक्त अंधांच्या स्वतःच्या संघटनांची. तिचे पहिले अध्यक्ष जेकबस टेनब्रोक, स्वतः अंध, अमेरिकेत बर्कलीला प्रोफेसर आणि राज्यघटनेचे जाणकार. आणि आपल्या बाजूचं सांगायचं तर पुढे याच फेडरेशनच्या अध्यक्ष पाकिस्तानातल्या फातिमा शाह होत्या, पेशाने डॉक्टर, नंतर दृष्टी गेली. म्हणजे हे सगळं गोऱ्यांचंच होतं असं पण नाही.

वीस वर्षं या दोन संघटना शेजारी शेजारी चालल्या, कधी जमवून, कधी कुरबुर करत. शेवटी १९८४ ला एकत्र झाल्या. युरोपातल्या लोकांनी त्याच वर्षी आपली वेगळी युनियन काढली, नॉर्वेत हुर्दाल म्हणून गाव आहे तिथे. तिथे नॉर्वेच्या अंध संघटनेचं स्वतःचं पुनर्वसन केंद्र आहे, आणि ती संघटना १९०९ ची, म्हणजे तेव्हाच पंच्याहत्तर वर्षं जुनी. मला हे फार आवडतं, की कुठल्या मोठ्या राजधानीतल्या हॉटेलात नाही तर जिथे माणसं काठी घेऊन चालायला शिकतात अशा गावात जमले. आता त्यांचं ऑफिस पॅरिसला आहे.

तिरकस_पेठकर:

माहिती छान पण मला वाटतं १९८४ ला स्थापना सौदी अरेबियात झाली होती, नॉर्वेत नाही. कुठेतरी वाचलंय.

आणि एक बेसिक शंका, राग नका मानू. ब्रेल वाचता येणारे आहेत किती? माझ्या आजीची दृष्टी पंच्याहत्तराव्या वर्षी काचबिंदूने गेली, ती काय आता सहा ठिपके शिकणार? मोबाइल समोर धरला की ॲप नाव वाचून दाखवतं. आपल्याकडे तर १ ऑगस्ट २०२३ पासून टॉप तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केलाय. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या संघटनेचं आणि ठिपक्यांचं एवढं काय?

आळंदी_रोड:

पेठकर, गल्लत होतेय तुमची. १९८४ ला दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. युरोपची युनियन हुर्दालला. आणि जगाची, म्हणजे वर्ल्ड ब्लाइंड युनियन, ऑक्टोबर १९८४ मध्ये रियाधला. वर ताईंनी सांगितलेल्या दोन संघटना विलीन झाल्या त्या रियाधला, आणि पहिले अध्यक्ष सौदीचेच शेख अब्दुल्ला अल-घानिम. तुम्ही वाचलंय ते हे.

मी सत्तरीचा आहे, अंशतः अंध, म्हणजे आता जवळजवळ पूर्णच, आणि चळवळीत उमेदीची सगळी वर्षं घालवलीयत म्हणून थोडं लांबण लावतो. पाठोपाठ दुसऱ्या खंडांनी पण आपापल्या काढल्या. लॅटिन अमेरिकेची १९८५ ला अर्जेंटिनात मार देल प्लाताला, आफ्रिकेची १९८७ ला ट्युनिसला, तिचं ऑफिस नंतर नैरोबीत. मेडिकलवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, आशियाची पण आहे, एशियन ब्लाइंड युनियन, आपण त्यात येतो. पण जपान, ऑस्ट्रेलिया वगैरे त्यात नाहीत, त्यांचा एशिया पॅसिफिक म्हणून वेगळा गट. एवढा अवाढव्य खंड, एका मांडवात बसवायचा कसा.

आपल्या देशातलं पण सांगतो कारण पोरांना माहीत नसतं. १९५२ ला मुंबईत नॅब निघाली, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, त्यातला "फॉर" बघा. १९७० ला दिल्लीत नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड, त्यातला "ऑफ" बघा. ताईंनी सांगितलेला प्रत्यय तो हाच. आपल्या आळंदीची मुलींची जागृती शाळा आहे ना, ती या फेडरेशनच्या महाराष्ट्र शाखेची, म्हणजे अंधांनीच काढलेली. आणि मार्च १९८० मध्ये दिल्लीत अंध मोर्चेकऱ्यांवर लाठीमार झाला होता. रेडिओवर ऐकलं तेव्हा मी वसतिगृहात होतो, आमच्या खोलीत आठ जण, आणि कोणी जेवायला गेलं नाही त्या रात्री. काय मागत होतो तर नोकऱ्या. १९९५ चा अपंग कायदा यायला त्यानंतर पंधरा वर्षं गेली, आणि त्यातलं अंधांचं एक टक्का आरक्षण नीट कसं मोजायचं यासाठी फेडरेशनला कोर्टात जावं लागलं, सुप्रीम कोर्टाचा निकाल ऑक्टोबर २०१३ ला.

म्हणून म्हणतो, कोणीही डोळस माणूस सकाळी उठून म्हणत नाही की चला आज खोक्यावर ठिपके छापूया.

सहा_ठिपके:

काका नमस्कार. जेवायला गेलं नाही कोणी, हे वाचताना, म्हणजे ऐकताना, स्क्रीन रीडर दोनदा मागे घेतला मी.

पेठकरांचा मुद्दा मात्र रास्त आहे, उडवून लावू नका कोणी. म्हातारपणी दृष्टी गेलेले बहुतेक जण ब्रेल शिकत नाहीत, हे खरंय. आणि म्हणूनच तो युरोपचा कायदा नुसता ठिपक्यांचा नाहीये. २००४ चा तो निर्देश, २००४/२७ नंबरचा, त्यात दोन गोष्टी आहेत. एक, औषधाचं नाव खोक्यावर ब्रेलमध्ये. दोन, आत जी घडी घातलेली माहितीपत्रिका असते ती अंध आणि अंशतः अंधांना चालेल अशा स्वरूपात मिळाली पाहिजे, रुग्णांच्या संघटनांनी मागितली की कंपनीने द्यायची. म्हणजे तुमच्या आजीला ऐकायची किंवा मोठ्या अक्षरातली. हे दुसरं कलम डोळस अधिकाऱ्याला सुचलं नसतं असं मी म्हणत नाही, पण ज्याची स्वतःची अर्धी दृष्टी गेलीय तो माणूस टेबलवर असला की अशी कलमं राहून जात नाहीत.

आणि क्यूआरबद्दल. दादा, एकदा डोळे बांधून स्ट्रिपवरचा क्यूआर शोधून बघा. मी पंधरा मिनिटं फिरवते, कॅमेरा म्हणतो "प्रकाश कमी आहे". चमकणारी फॉइल असेल तर विचारूच नका. सापडला की मस्त, पण सापडायला हवा ना, त्याच्या भोवती निदान एक उठावाची रेघ तरी काढायची. त्या बैठकीत आमच्यातलं कोणी होतं का, एवढाच माझा प्रश्न.

तिरकस_पेठकर:

मान्य. आता डोळे मिटून आमच्याच घरातली स्ट्रिप धरून बघितली, पाच मिनिटांत कंटाळलो. सौदीचंही मान्य.

कार्टनवाला:

अरे हा विषय माझा! मी चाकणजवळ पॅकेजिंगमध्ये आहे, फार्माचे कार्टन, डाय कटिंगला. मेडिकलवाले दादा, तुम्हाला एक गंमत सांगू का, ते जर्मनीतलं खोकं जर्मनीतच बनलं असेल असं काही नाही. युरोपला जाणाऱ्या औषधांची ठिपकेवाली कार्टन आपल्याकडे वर्षानुवर्षं बनतायत, आम्हीच बनवतो. एकाच मशीनवर सकाळी एक्सपोर्टची ऑर्डर ठिपक्यांसकट आणि दुपारी इथल्या मार्केटची ऑर्डर सपाट. बारा वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही की हे असं का, ऑर्डर शीटवर लिहिलंय "ब्रेल: हो" किंवा "ब्रेल: नाही", विषय संपला.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कोणाला इंटरेस्ट असेल तर. खालून टोचणारा आणि वरून झेलणारा अशी जोडी असते, मधून बोर्ड जातो आणि ठिपका उठतो. उंची साधारण मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, यापेक्षा कमी झाली तर बोटाला लागत नाही आणि जास्त झाली तर बोर्ड फाटतो, वर खोकी एकावर एक रचली की दबून सपाट होतात. त्या ठिपक्यांच्या मापाला मारबुर्ग मीडियम म्हणतात, एका अक्षराच्या घरातल्या दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटर, एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत सहा. क्यूसीवाला, म्हणजे माल तपासणारा, भिंगाने आणि गेजने बघतो, बोटाने कोणीच नाही. एकदा एका लॉटमध्ये ब्रेल उलटं लागलं होतं, म्हणजे कार्टनच्या तळाकडून वर, आणि आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही, कागदावरची ड्रॉइंग उलटी धरून जुळवली होती. गिऱ्हाइकाकडून परत आलं सगळं. तेव्हा वैताग आला होता नुसता.

सहा_ठिपके:

मारबुर्ग! ते जर्मनीतलं गाव आहे, तिथे अंधांची मोठी शिक्षणसंस्था आहे, १९१६ ची, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना शिकता यावं म्हणून सुरू झालेली. तुमच्या मशीनवर त्या गावाचं नाव रोज फिरतंय.

आणि कार्टनवाले, क्यूसीला बोटाने तपासणारा माणूस पाहिजे असेल तर माझ्या ओळखीत चार जण आहेत, गंमत करत नाहीये.

वकील_होणारे_मी:

मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेडिकलवाल्यांच्या "आपल्याकडे का नाही" ला कोणी नीट हात घातला नाही म्हणून लिहितेय. चुकलं तर सांगा.

मला वाटतं मुख्य गोष्ट अशी की युरोपात खंडाच्या पातळीवर संघटना हवी होती कारण तिथे कायदाच खंडाच्या पातळीवर होतो. औषधाचं लेबल कसं असावं हे फ्रान्स किंवा इटली एकट्याने ठरवत नाही, ब्रसेल्समधून निर्देश निघतो आणि मग प्रत्येक देश तो आपल्या कायद्यात आणतो. त्यामुळे एकेका देशातल्या अंध संघटनेने आपल्या मंत्र्याकडे खेटे घालून उपयोग अर्धाच, सगळ्यांनी मिळून एक आवाज ब्रसेल्सला न्यावा लागतो. गंमत म्हणजे १९८४ ला तेव्हाच्या युरोपियन कम्युनिटीत फक्त दहा देश होते आणि ज्या नॉर्वेत ही युनियन निघाली तो त्यात नव्हता, आजही नाही. म्हणजे अंधांचा युरोप राजकारण्यांच्या युरोपपेक्षा आधीच मोठा होता. औषधावरचे ठिपके ही त्यांच्या कामातली एक गोष्ट. इलेक्ट्रिक गाड्यांचं पण बघा, आवाजच नाही म्हणून अंध माणसाला गाडी आलेली कळत नाही, यावर ते मागे लागले आणि २०१४ चा नियम आला, जुलै २०२१ पासून तिथल्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीला हळू चालताना कृत्रिम आवाज करावाच लागतो.

आशियात ब्रसेल्स नाही. त्यामुळे एशियन ब्लाइंड युनियनने उद्या कितीही जोर लावला तरी ती कोणाला निर्देश काढायला लावणार? आपलं लेबल ठरतं दिल्लीत, १९४५ च्या ड्रग्ज रूल्समध्ये, नियम ९६. तिथे एक पोटनियम घातला तर काम होईल. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४३ आहेच, रोजच्या वापराच्या वस्तू सगळ्यांना वापरता येतील अशा बनवायला सरकारने प्रोत्साहन द्यावं म्हणून. प्रोत्साहन आणि सक्ती यात मात्र जमीन अस्मानाचा फरक, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

आणि आपण नेहमीच मागे असतो असं पण नाही हं. अंधांसाठी पुस्तकं सुलभ स्वरूपात करायला कॉपीराइट आड येऊ नये म्हणून २०१३ ला माराकेश करार झाला, त्यामागे वर्ल्ड ब्लाइंड युनियनच होती, आणि तो मान्य करणारा जगातला पहिला देश भारत, जून २०१४. युरोपियन युनियनला २०१८ उजाडलं. तिथे युरोपच्या अंधांना आपल्याच लोकांशी भांडायला लागलं.

आळंदी_रोड:

पोरी, छान मांडलंस. इलेक्ट्रिक गाडीवरून आठवलं, परवा स्टॉपवर उभा होतो, बस आली, थांबली, गेली, मला पत्ता नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं "आजोबा, तुमचीच होती ना?" पूर्वी डिझेलची बस नळ स्टॉपला वळली की मला घरात कळायचं.

मेडिकलवाला_कर्वेनगर:

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांना काल सगळा धागा वाचून दाखवला, गिऱ्हाइकं थांबली होती तरी. लाठीमाराचं ऐकल्यावर म्हणाले "हो, मला माहितीये", आणि पुढे काही नाही.

पण वकीलताई, एक घोळ आहे, मी दुकानदार म्हणून सांगतो. उद्या तुमच्या नियम ९६ मध्ये खोक्यावर ब्रेल आलं समजा. खोकं राहणार माझ्याकडे! युरोपात पेशंटला अख्खं खोकं मिळतं. आपल्याकडे दहा स्ट्रिपचं खोकं येतं, मी त्यातली एक काढून देतो, आणि निम्मे लोक तर "पाचच द्या" म्हणतात, मग मी कात्रीने स्ट्रिप कापतो आणि कागदी पाकिटात घालून देतो. कापताना नाव एका तुकड्यावर जातं आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर, हे तर डोळसांचं पण दुखणं आहे. ठिपके शेवटी माझ्या रद्दीत जाणार. त्यामुळे आपल्याकडे मागायचंच असेल तर स्ट्रिपवर मागायला हवं, आणि ते पण दर दोन गोळ्यांमागे. फॉइलवर ठिपके उठतात का, कार्टनवाले?

कार्टनवाला:

फॉइलवर अवघड आहे, पातळ असते आणि सील फुटायची भीती, गोळीला हवा लागली की गेली. आमचं कार्टनचं काम, ब्लिस्टरवाले, म्हणजे स्ट्रिप बनवणारे, वेगळे, त्यांना विचारून सांगतो. पण तुमचा मुद्दा एकदम बरोबर. मी ठिपके उठवतो आणि ते इथल्या माणसाच्या हातात जातच नाहीत, हे मला आज कळलं.

वकील_होणारे_मी:

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे तिथला कायदा उचलून इथे लावला असता तर कागदावर सगळे खूश आणि काकांच्या हातात तेच रबर. हे लिहून ठेवते, खरंच.

सहा_ठिपके:

बघा, म्हणूनच आम्ही म्हणतो आम्हाला विचारा. आणि मेडिकलवाल्याला पण विचारा.

दादा, दिल्लीचं होईल तेव्हा होईल, तोपर्यंत एक करा. काकांकडे ब्रेल पाटी आणि टोचणी असणारच, जन्मापासून अंध आणि त्या पिढीचे म्हणजे शाळेत तेच. त्यांना ती दुकानात घेऊन यायला सांगा. जाडसर कागदाच्या छोट्या पट्ट्या, एकेकीवर एक दोन अक्षरं, बास. पट्टी स्ट्रिपला रबराने बांधायची. रबर मोजण्यापेक्षा बरं, रबर तुटतं, निसटतं. आणि पुन्हा ब्रँड बदलला तर पट्टी बदलायची गरज नाही, फक्त काउंटरवर तोंडाने सांगा की खळगे वेगळे आहेत.

मेडिकलवाला_कर्वेनगर:

केलं! आज पाच तारीख. काका पिशवीतून पाटी घेऊन आले, ॲल्युमिनियमची, कोपरे झिजलेले, म्हणाले शाळेतली आहे. मी व्हिजिटिंग कार्ड कापून दिली. त्यांनी उजवीकडून डावीकडे टोचायला सुरुवात केली, मी म्हटलं काका उलटं लिहिताय, तर म्हणाले मागून टोचायचं असतं, कागद पलटला की सुलट. ब म्हणजे दोन ठिपके एकाखाली एक, मग वेलांटी, मग प, मग परत वेलांटी, बीपी. माझ्या दुकानातल्या पोराला पण शिकवलं, त्याला अजून ब जमतोय फक्त. शुगरच्या पट्टीवर नुसता श, थायरॉइडवर थ. जर्मनीच्या खोक्यात आता पट्ट्या ठेवल्यात त्यांनी.

एकच अडचण, व्हिजिटिंग कार्ड फार जाड, तिसऱ्या पट्टीला काकांचा अंगठा दुखायला लागला, आणि साधा कागद घेतला तर ठिपके दोन दिवसांत बसतात. मधला कागद कुठला घ्यावा? अप्पा बळवंत चौकात मिळेल का?

कार्टनवाला:

अप्पा बळवंतला जायची गरज नाही. व्हिजिटिंग कार्ड तीनशे जीएसएमच्या आसपास असतं, हाताने टोचायला जडच जाणार, तुम्हाला दीडशे ते एकशे ऐंशीच्या मधलं पाहिजे. आमच्याकडे लीफलेटच्या जाड कागदाच्या कडा रोज पोत्याने रद्दीत जातात, दीड दोन इंच रुंद, तुमच्या कामाला एकदम. दुकानाचा पत्ता मेसेज करा, शनिवारी कोथरूडला येणार आहे, एक गठ्ठा टाकून जातो.